चौऱ्याऐंशी पावलं

एक्स-रेच्या खोलीपर्यंत चौऱ्याऐंशी पावलं होती. मी सतरा वर्षांची असताना मोजली, आईच्या मागून चालताना. तिच्या अंगात दवाखान्याचा निळा गाऊन होता आणि त्याला पाठीवर बांधायच्या नाड्याच नव्हत्या. एक हात भिंतीला, दुसऱ्या हाताने पाठीमागे गाऊन धरलेला, अशी ती चालत होती. दोन्ही बाजूंच्या बाकांवर माणसं. "अगदी जवळून चाल गं, झाक मला," ती पुटपुटली. मी दप्तर आडवं धरलं. दप्तर केवढं आणि आई केवढी!

वाटेत मोठे साहेब दिसले, दवाखान्याचे प्रमुख. धीर करून मी त्यांच्याकडे नाड्यांचा गाऊन मागितला. ते न थांबता म्हणाले, "अंगात घालायला मिळालंय ना? मिरवायला आलात का इथे?" त्यांच्या मागचे दोघे हसले.

आईच्या फुप्फुसावर डाग होता, दुसरा एक्स-रे हवा होता. आम्ही तिच्या हातापाया पडलो. "मरेन, पण तशी चालणार नाही," म्हणाली, आणि आठ महिन्यांत शब्द खरा केला.

तीन वर्षांनी मी त्याच दवाखान्यात नोकरी मिळवली, धुलाईघराशेजारच्या कपड्यांच्या कोठारात. धुण्याच्या यंत्रावर एक चाळिशीचे गृहस्थ होते, त्यांना सगळे वाफेकाका म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी कोऱ्या गाऊनांचा गठ्ठा आणि कात्री माझ्यापुढे टाकली.

"नाड्या काप, पोरी. यंत्रात गुंततात, मग अर्धा तास सोडवत बसा. साहेबांचा लेखी हुकूम आहे."

हुकूम भिंतीवर चिकटवलेला होता, खाली झोकदार सही. म्हणजे गाऊन नाड्यांसकटच येत होते आणि कुणीतरी बसून त्या कापत होतं. आता ते कुणीतरी मी होते. दोन वर्षं मी कापल्या, नोकरी टिकवायची होती म्हणून. पण एकही फेकली नाही. उशीच्या अभ्र्यात भरत गेले.

"लोणचं घालणारेस का त्यांचं?" वाफेकाका विचारायचे.

"मुरायला वेळ लागेल, काका."

सोळा वर्षं लागली. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन मी रुग्णालय-प्रशासनाची परीक्षा दिली, नोंदणीच्या खिडकीवर बसले, वॉर्डांची व्यवस्था पाहिली आणि शेवटी साहेबांचीच सहायक झाले. रांगेतल्या म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या आणल्या. पेशंटला खाटेच्या नंबराने हाक मारणं बंद केलं. लोक म्हणत, बाईंना पेशंटांचा फार कळवळा. कळवळा होताच, पण सकाळी मला अंथरुणातून उठवायचा तो राग. नाड्यांसाठी तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा साहेबांनी शेरा मारला, "गरज वाटत नाही."

मग रुग्णस्नेही दवाखान्यांना मान्यता देणारी समिती यायची ठरली. साहेबांना निवृत्तीच्या वयानंतर दोन वर्षांची मुदतवाढ हवी होती आणि ती या मान्यतेवर अडली होती. तयारी माझ्याकडे सोपवलेली. समितीपुढे साहेब छाती काढून म्हणाले, "आमच्याकडे पेशंट हाच केंद्रस्थानी."

"म्हणूनच साहेब आज स्वतः पेशंटच्या वाटेने चालून दाखवणार आहेत," मी म्हटलं. "गाऊन घालून, एक्स-रेपर्यंत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं ते डोळे मला अजून आठवतात. पण समितीच्या अध्यक्षबाई टाळी वाजवून म्हणाल्या, "वा! हे कुठेच पाहिलं नव्हतं." आता माघार कुठली!

पडद्याआडून दबका आवाज आला, "अहो बाई, याला नाड्या नाहीत!"

"आपलाच हुकूम, साहेब. यंत्रात गुंततात."

ते बाहेर आले. एक हात पाठीमागे, पांढऱ्या पोटऱ्या उघड्या. बाकांवरच्या माणसांत कुणीतरी खुदकन हसलं. विसाव्या पावलावर ते ओठ न हलवता म्हणाले, "बाई, जरा मागून चाला ना. जवळून."

मी बाजूला सरकले. "अंगात घालायला मिळालंय ना, साहेब?"

त्यांना काही आठवलं नाही. कपाळावर साधी आठीसुद्धा नाही. ते मला फार झोंबलं. मी चाल आणखी हळू केली. त्यांना माझ्यापुढे जाता येईना, पेशंटची वाट मी दाखवणार होते.

एक्स-रेच्या दाराशी अध्यक्षबाईंचा चेहरा उतरला होता. "रोज सगळे पेशंट असेच चालतात?"

"एकोणीस वर्षं तर मीच पाहतेय," मी म्हटलं आणि हुकूम रद्द करायचा टाइप केलेला कागद साहेबांपुढे धरला. त्यांनी एका हाताने सही केली. झोक गेला होता. अभ्र्यातल्या नाड्या दुसऱ्या दिवसापासून गाऊनांना शिवायला घेतल्या. वाफेकाकांनी ते गाऊन धुण्यासाठी जाळीच्या पिशव्या केल्या, आणि यंत्रात एकही नाडी गुंतली नाही. दवाखान्याला मान्यता मिळाली. साहेबांना मुदतवाढ मिळाली नाही.

पण सही केल्यावर ते जे म्हणाले ते सांगायचं राहिलं. "आता एखादी पिन तरी द्या."

माझ्या ओळखपत्रामागे चांगली मोठी सेफ्टी पिन होती. माझी लेक म्हणते, आई, द्यायला हवी होतीस, म्हातारा माणूस. आज मी त्यांच्याहून कितीतरी म्हातारी आहे, तरी मला तसं वाटत नाही.

"नाड्या उद्यापासून, साहेब," मी म्हणाले. त्यांचे कपडे त्या टोकाला पडद्याआड होते. चौऱ्याऐंशी पावलं परत जायचं होतं. मी तीही मोजली.