मनकर्णाची जागी बाहुली

त्या साली ऊन असं पडलं होतं की सावलीसुद्धा झाडाचा बुंधा सोडायला तयार नसायची. कावळे उडायचे सोडून एस्टीनं वडवणीला जायचे, असं लोक सांगतात. ते खोटं असंल, पण मनकर्णाच्या बाहुलीची गोष्ट खरी हाय.

मनकर्णानं पंचवीस वर्षं अंगणवाडी सांभाळली. नवरा गेला, लेक पुण्याला गेला, मागं राहिल्या बाहुल्या. एकतीस. चिंध्यांच्या, लाकडाच्या, एक तर भोपळ्याच्या देठाची. पत्र्याच्या घरात फळीवर ओळीनं बसवलेल्या. पण बत्तिसावी जागा तिनं रिकामी ठेवली होती.

बहात्तरच्या दुष्काळात ती नऊ वर्षांची होती. धारूरच्या घाटात आई खडी फोडायची अन् ही पाट्या उचलायची. तिथं मुकादम साहेबाची पोर एक बाहुली घेऊन यायची. आडवी केली की डोळे मिटायची, उभी केली की उघडायची. एक दिवस त्या पोरीनं ती मनकर्णाच्या हातात दिली. उभी दिली. मनकर्णा आता आडवी करणार, तेवढ्यात कामाची शिट्टी झाली अन् पोरीनं बाहुली हिसकून घेतली. त्रेचाळीस वर्षं मनकर्णाच्या मांडीवर ती बाहुली निजायची राहिली होती.

अन् सरत्या वैशाखात ती सापडली. बंद पडलेल्या सहकारी साखर कारखान्याच्या वसाहतीतलं भंगार चौसाळ्याला आमिनाबीच्या दुकानात आलं होतं. मोडक्या कुकरात डोकं खाली, पाय वर. तीच का तशीच, कुणास ठाऊक. केस अर्धे गेलेले, टाचेला उंदरानं कुरतडलेलं, पण डोळे निळे. मनकर्णानं तिथंच आडवी केली. डोळे मिटेनात. हलवली, ठोकली. टक्क उघडे.

गावात शिरली तर टँकरची रांग समोरच. भिवराबाई घागरीवर बसली होती. तिनं पाहिलंच.

"आगं मनकर्णा, नातवं खेळवायच्या वयात बाहुली? का आता तुझं लगीन लावायचं हाय तिच्यासंगं?"

सगळी रांग फिदीफिदी हसली. मनकर्णाच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर देवऋषी अन् अंगात येणाऱ्या बायांना नावं ठेवणारी ही बाई, पण रागात तोंडातून काय निघंल सांगता येत न्हाई.

"हसा हसा! ही साधी न्हाई. ही कधी झोपत न्हाई. मोठा पाऊस यायचा आसंल तर आदल्या दिशी डोळे मिटती. बहात्तरला सगळा घाट हिच्याच तोंडाकडं बघत होता."

"चल, कायबी!"

"मंग निजवून बघ."

भिवराबाईनं घागरीवर आडवी केली. पोटावर टाकली, उलटी केली, गदागदा हलवली. बाहुली तिच्याकडं टक लावून बघतच राहिली. भिवराबाईनं पदर डोक्यावर घेतला अन् हात जोडले.

झालं! सांजपर्यंत गावभर. दुसऱ्या दिवसापासून माणसं उंबऱ्यावर. सगळ्यात आधी शहादेव यायचा, शेजारचा. मागच्या साली दोनदा पेरलं, दोनदा करपलं. आता घरात बियाची एकच पिशवी.

"आक्का, मिटला का डोळा?"

"न्हाई रं बाबा."

"मंग न्हाई पेरीत."

मनकर्णाला आधी हसू यायचं. मग यायचं बंद झालं.

तिनं उलनचे केस विणले, इरकली खणाच्या तुकड्याचं परकर-पोलकं शिवलं, टाचेला मेण लावलं. राहिले डोळे. बाजारच्या दिवशी वडवणीला मैनुद्दीनकडं गेली. मैनुद्दीन घड्याळं, रेडिओ, शिलाई मशीन, सगळं बघायचा. त्यानं मान सैल करून डोकं उपटलं अन् आत बोट घातलं.

"या अल्ला! आक्का, ह्या पोरीच्या डोक्यात साखर हाय!"

खरंच. कारखान्यातल्या कुण्या पोरीनं लाडानं साखरेचा पाक भरवला असणार, तोंडाच्या भोकातून. कारखाना बंद पडला, ऊस गेला, पण ह्या टाळक्यात साखर राहिली. वाळलेल्या मुंग्यांची पलटणच्या पलटण. मैनुद्दीननं तांब्याभर कोमट पाणी थेंबथेंब सोडलं. पाकात अडकलेला, डोळ्यांमागचा शिशाचा गोळा हलला. त्यानं बाहुली आडवी केली.

टक. मिटले.

"दे, दे इकडं, माझ्या मांडीवर दे!"

"घ्या की. चला, आता तुमच्या गावात पेरण्या होतेत म्हणायचं."

"तुला काय म्हाईत?"

"सगळ्या बाजाराला म्हाईत हाय, आक्का."

मनकर्णाचे हात तिथंच थांबले. आता ही मिटली की शहादेवची पिशवी मातीत. अन् आभाळात ढगाचा ठिपकाबी नव्हता.

"परत साखर भरू का?" मैनुद्दीन हसत म्हणाला. तेवढ्यात दारात शहादेवच उभा, खांद्यावर तिफणीचा फण टाकून. मनकर्णानं बाहुली झटक्यात उभी केली.

"आक्का, झाली का दुरुस्त? एस्टी लागलीया, चला."

एस्टीत तिनं बाहुली मेणबत्तीसारखी समोर धरली. प्रत्येक खड्ड्याला पापण्या लवायच्या अन् मनकर्णाचं काळीज लवायचं. हात भरून आले.

"द्या इकडं, मी धरतो जरा."

"नगं. तिला परक्या माणसाची सवय न्हाई."

घरी फळीवर दोरीनं बांधून उभी केली. दार उघडं ठेवावं तर माणसं, लावावं तर गाव म्हणणार, आत डोळे मिटलेत म्हणून लपवती. मग उघड्या दारात ती अन् बाहुली एकमेकींकडं बघत बसायच्या. जेवायला उठली तरी कुणीतरी डोकवायचं. हात लावायची सोय न्हाई. त्रेचाळीस वर्षांनी घरात आलेली बाहुली हातभर लांब, अन् मांडी रिकामी.

मृग लागला. सोसायटीत बी आलं. चेअरमन बंकट भोंग्यावरून बोंबलायचा, "बी उचला, पेरा!" एक दिवस काळं आभाळ भरून आलं. सगळं गाव मनकर्णाच्या दारात. बाहुली टक्क जागी. "न्हाई," म्हणाले अन् गेले. शेजारच्या गावानं पेरलं. एक सर पडली, आभाळ वाऱ्यानं नेलं, अन् वर आलेले कोंब आठ दिवसांत करपले.

नवव्या दिवशी दुपारी शहादेव एकटा आला. पुन्हा ढग होते.

"आक्का, एकच पिशवी हाय. खरं सांगा. हिला कळतं का?"

मनकर्णानं दोरी सोडली. खाली बसली, अन् बाहुली मांडीवर आडवी घेतली.

टक.

तोंडावर निळ्याच्या जागी गुलाबी पापण्या. मनकर्णानं कपाळावरून हात फिरवला. अन् बाहुली उभी केली. उघडे. आडवी. मिटले. शहादेवनं आपल्या हातात घेऊन पाच-सहा वेळा केलं.

"पाऊस... ऊन... पाऊस... ऊन," तो पुटपुटला. मग कपाळावर हात मारून घेतला. "आवो आक्का! अंगणवाडीत आमच्या पोरांना खोटं बोलू नये शिकवीत होता ना तुमी?"

"चुकले रं. आत्ता चौकात जाऊन सांगते सगळ्यांला."

ती उठली तसा शहादेव दारात आडवा आला.

"कुठं निघालात? शेजारच्यांचं बी मातीत गेलं, आपलं पिशवीत हाय, ते हिच्यामुळं. आत्ता हे ढग बघून समदी इकडंच निघालीत. तुमी सांगाल की बाहुली खोटी, तर सांजपर्यंत गाव पेरून मोकळं हुईल. बंकट भोंगा लावून बसलाय."

"मंग मी काय करू?"

"हिला उभी ठिवा. पावसानं मातीत वीतभर ओल झाली की मी येतो, तवा निजवा. तवर ही जागी."

"अन् कवा व्हायची रं वीतभर ओल?"

शहादेवनं वर ढगांकडं बघितलं. बाहुली तिच्या हातात उभी दिली. मुकादमाच्या पोरीनं दिली होती तशीच.

बाहेर पावलं वाजली. मनकर्णानं घाईनं दोरी आवळली. एक पापणी अर्ध्यावरच अडकली, ती तिनं बोटानं वर सरकवली.

"मिटला का गं?" भिवराबाईनं उंबऱ्यावरून विचारलं. मागं आणखी दहा डोकी.

"न्हाई बाई," मनकर्णा म्हणाली अन् रिकामी मांडी पदरानं झाकून बसली. "जागीच हाय."