फळीची तिसरी गाठ

लग्न होऊन धरमतरच्या खाडीकाठी आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी ती फळी चुलीत घालायला निघाले होते. तळहाताएवढा काळा पडलेला सागवानाचा तुकडा, मधोमध भोक, भोकातून ओवलेली हातभर सुती दोरी आणि दोरीला सहा गाठी. ओटीवरच्या खुंटीला टांगलेली असायची. आता मी पडले रोह्याकडची, कोलाडच्या रस्त्याला लागून असलेल्या गावातली. आम्ही भात आणि वाल पिकवणारी माणसं. समुद्राशी आमचा संबंध सुक्या बोंबलापुरता. मला ते काहीतरी मोडलेलं खेळणं वाटलं.

सासऱ्यांनी माझ्या हातातून ती जवळजवळ हिसकावून घेतली. हिरामण तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या, म्हणून आख्खी खाडी त्यांना ओळखायची. मी त्यांना मामा म्हणायचे.

"अगो, हिला जालशील तर मंगलूर कुटं ऱ्हायला ते कोन सांगंल?"

मला वाटलं म्हातारा बरळतोय. पण संध्याकाळी त्यांनी मला खारबांधावर नेलं आणि उत्तरेकडे तोंड करून उभं केलं. दोरीचं टोक दातात, फळी डोळ्यासमोर. फळीची खालची कड पाणी आणि आभाळ मिळतात त्या रेघेवर ठेवायची आणि वरची कड बरोबर ध्रुवाला टेकली पाहिजे. "खाडीत खरी रेघ नाय, पन शिकायला बास," म्हणाले. दक्षिणेकडे जावं तसा ध्रुव खाली उतरतो, मग फळी लांब धरावी लागते. म्हणून प्रत्येक बंदराची दोरीवर आपली एक गाठ. ती गाठ दातात धरल्यावर रेघ आणि तारा फळीत नेमके बसले, की समजायचं आपण त्या बंदराच्या सरळीत आलो. मामांच्या वडिलांनी गाठी मारलेल्या. मामा चाळीस वर्षं शिडाच्या मचव्यातून पेणच्या मिठागरांचं मीठ खाली दक्षिणेला न्यायचे आणि मंगळूरची कौलं घेऊन यायचे, ते ह्या फळीवर. होकायंत्र होतं, पण ते दिशा सांगतं, किती खाली आलो ते सांगत नाही.

मला दहावीला विज्ञानात चौऱ्याऐंशी गुण होते. फुकट गेले असं वाटलं. ह्या माणसाने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं आणि जगाचा नकाशा दोरीत बांधून खुंटीला टांगला होता.

पहिली गाठ आपल्या खाडीच्या तोंडाची, दुसरी जयगडची. चौथी विजयदुर्ग, मग गोवा, शेवटची मंगळूर. मी विचारलं, "आणि तिसरी?"

मामा बांधावर बसले. बराच वेळ तंबाखू मळत राहिले, पण तोंडात काही घातली नाही.

तिसरी गाठ कुठल्याच बंदराची नव्हती. माझ्या नवऱ्याला, हर्षदला, एक थोरला भाऊ होता, जगन. सतराव्या वर्षी मचव्यावरून पडला, एवढंच मला ठाऊक होतं; बाकीचं मामांनी त्या संध्याकाळी सांगितलं. एकाहत्तर सालची दिवाळी नुकती झालेली. वाऱ्याने मचवा किनाऱ्यापासून इतका दूर नेला होता, की डोंगर ना दिवा, काही दिसत नव्हतं. जगन शीड उतरवायला चढला आणि गेला. सुकाण मामांच्या हातात होतं. उजाडेपर्यंत ते तिथेच घिरट्या घालत राहिले. पहाटे आभाळ थोडं फाटलं, पाण्याची रेघ दिसली, ध्रुव दिसला. मामांनी फळी धरली आणि दोरी जिथे दातात आली तिथे गाठ मारली. जगनचा हिरव्या चौकड्यांचा सदरा दोरावर वाळत घातलेला होता, त्याची चिंधी फाडून गाठीत घातली.

"त्याचा ठिकाना तेवढाच," मामा म्हणाले. पुढे मचवा विकेपर्यंत प्रत्येक फेरीला ती गाठ दातात आली, की ते पाण्यात नारळ सोडायचे. मचवा विकून आता चौदा वर्षं झाली होती.

"हौसाला नको सांगूस. ती समजते, पोर कुटं गेला ते कोनालाच ठावं नाय. मना ठावं हाय म्हटला तर म्हनंल, मग आनला का नाय?"

हौसा म्हणजे माझी सासू. नवऱ्याशी त्या पंचवीस वर्षं कामापुरतं बोलत होत्या. जेवा, उठा, पाणी भरलं. बाकी खाडीत कुणाशी भांडण नसेल तर त्यांना अन्न गोड लागायचं नाही, पण मामांशी कधी भांडल्या नाहीत. मला तेव्हा ते चांगलं लक्षण वाटलं होतं. काय कळतं नव्या सुनेला.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात मामांचा डावा डोळा गेला. पेणच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, उजवाही वर्षभरात जाईल, गेलेली नजर परत येत नाही म्हणाले. त्या दिवसापासून मामांनी एकच धोशा लावला. नजर आहे तोवर एकदा जगनच्या जागी जायचं. गावातल्या पुंडलिकची लाँच दिवाळीनंतर रत्नागिरीच्या अंगाला मासेमारीला जायची. तो म्हणाला, "तांडेल, तुमी सांगाल तिथं लाँच थांबवीन." मामा रोज संध्याकाळी फळी काढून पुसायचे. घरात सांगितलं होतं, समुद्र बघायला जातोय. खरं मला एकटीला माहीत.

आषाढात मला आठवा संपत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून रविवारी मी रोह्याला जाणार होते. गुरुवारी उधाणाला खारबांध फुटला. दुपारपर्यंत खाडीचं पाणी शेतात, शेतातून अंगणात. हर्षद कंपनीत, दुसऱ्या शिफ्टला गेलेला. मामा गावातल्या पुरुषांबरोबर बांधाला चिखलाचे गोळे टाकत होते. आणि मला कळा सुरू झाल्या, महिनाभर आधी.

पेणचा रस्ता पाण्याखाली. रंभा सुईण गुडघाभर पाण्यातून आली. तासाभराने तिचा चेहरा मी बघितला आणि मला जे समजायचं ते समजलं. "पोर आडलाय," ती सासूबाईंना म्हणाली. "घरात कुटं गाठ ऱ्हायली असंल. सोड सगल्या."

मग सासूबाईंनी घर उघडं करायला सुरुवात केली. ट्रंकांची कुलपं काढली, डब्यांची झाकणं उचलली, तांदळाच्या गोणीचं तोंड सोडलं, म्हशीचं दावं सोडलं, कपड्यांची दोरी सोडली, हर्षदच्या जुन्या बुटांच्या नाड्या काढल्या. स्वतःचा अंबाडा सोडला, माझी वेणी सोडली. गाठ सोडली म्हणजे मूल सुटतं ह्यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता. चौऱ्याऐंशी गुण होते ना.

मग त्यांना खुंटीवरची फळी दिसली.

मी पडले होते तिथून उघड्या दारातून ओटी दिसत होती. खाऱ्या वाऱ्याने गाठी दगडासारख्या झालेल्या. सासूबाईंनी गोधडी शिवायचा दाभण घेतला आणि खाली बसल्या. पहिली गाठ सुटली. दुसरी सुटली.

मला सगळं समजत होतं. मामांची गाठ आहे, राहू द्या, एवढेच शब्द बोलायचे होते. दोन कळांच्या मध्ये माणसाला तेवढा श्वास मिळतो. मला मिळाला होता. मी म्हटलं, "आई, लवकर सोडा."

तिसरीशी त्यांना वेळ लागला. हात थांबलेला मला दिसला. मग त्यांनी चौथी घेतली.

पाचच्या सुमाराला सरू जन्मली. आधी निळी पडलेली, मग रंभाने पायाला धरून पाठीवर चापट्या मारल्या तेव्हा रडली. सव्वा दोन किलोही नसेल. रंभा आजही सांगते, सहावी गाठ सुटली आणि पोर सुटली. मला तिचा राग येतो. राग ह्याचा, की ती चूक आहे असं मी छातीठोक सांगू शकत नाही.

बाळंतपणाचा विटाळ म्हणून सासूबाईंनी घरातलं होतं नव्हतं ते उकळत्या पाण्यात घातलं. त्यात दोरीही गेली.

मामा अंधार पडता पडता आले, कमरेपर्यंत चिखल. नात झाली म्हणताच त्यांनी हात धुऊन गूळ मागितला, माझ्या हातावर ठेवला, सरूला लांबून पाहिलं. मग बाहेर ओटीवर गेले. तिथे वाळत घातलेली दोरी होती, सुती, आटलेली, सरळ. गाठी होत्या तिथे साधी वळीसुद्धा उरली नव्हती. त्यांनी ती दोन बोटांत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपली. पुन्हा चाचपली. आत येऊन माझ्याकडे पाहिलं. मी सरूला पदराखाली घेतलं आणि मान खाली घातली. ज्या घरात मूल जगलं, त्या घरात दोरीसाठी कोण रडतो? मला मात्र रडू आलं. सगळ्यांना वाटलं बाळंतिणीचं आहे.

पुढचे तीन महिने मामा ती दोरी दातात धरून बसायचे. खरं तर हिरड्यांत, पुढचे दात आता कुठे होते. डोळे मिटून फळी पुढे करायचे, मागे घ्यायचे. "हात विसरत नाय," म्हणायचे. एकदा गाठ मारायचे, दुसऱ्या दिवशी सोडून बोटभर पुढे मारायचे. बोटभर म्हणजे समुद्रावर किती, मी विचारलं. म्हणाले, "ऱ्हाऊ दे, पोरी." नंतर समजलं, दोन तालुके मावतील एवढं.

दिवाळी झाल्यावर पुंडलिक लाँच घेऊन निघाला. मामाही गेले. मी नारळ दिला, हळदकुंकू दिलं. सासूबाई दारात उभ्या होत्या, बघत होत्या.

सहाव्या दिवशी ते परत आले. नारळ पिशवीतच होता.

पुंडलिकने ओटीवर बसून सगळं सांगितलं. चार संध्याकाळी लाँच थांबवली. तांडेल फळी धरायचे, ध्रुव त्यांना एकदा दिसायचा, एकदा नाही. आज म्हणायचे इथेच, उद्या म्हणायचे नाही, अजून खाली. "मी म्हटला, तांडेल, सगला पानीच हाय, सोडा नारल कुटंबी. तर माज्यावर असं वराडलं! कुटंबी नाय, म्हनं. माजा पोर कुटंबी नाय." एवढं बोलून पुंडलिकने जीभ चावली. सासूबाई तिथेच उभ्या आहेत हे तो विसरला होता.

तो उठून गेला. मला वाटलं, आता पंचवीस वर्षांचं सगळं एकदम बाहेर पडणार. सासूबाई आत गेल्या. देव्हाऱ्यातून हळदीची डबी काढली आणि आणून मामांच्या समोर उघडली. आत हिरव्या चौकड्यांची चिंधी होती, नखाएवढी, घडी घातलेली.

"गाठीत सापडली," त्या म्हणाल्या. "मी शिवलेला सदरा. मी वलखनार नाय?"

मामांचा हात चिंधीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. "तुला कलला होता?"

"दाभन लावला तवाच कलला, ही कसली गाठ ते. अर्धी सुटली होती. परत आवलता आली असती." त्यांचा आवाज चढला नाही, तेच मला सोसवेना. "आत ही पोर वराडत होती. एक पोर पान्यात गेलेला, दुसरा आत आडलेला. कोनाला धरू मी? सांगा तुमी. तुमी त्या दिशी सुकान धरलात. मी दाभन धरला."

किती वर्षांनी त्या नवऱ्याशी एवढं बोलल्या होत्या. मामांनी चिंधी उचलली, उजव्या डोळ्याच्या अगदी जवळ नेली. हिरवा रंग त्यांना दिसला की नाही, कोण जाणे. मग ते माझ्याकडे वळले.

"निशी, तुला मी सांगितला होता. तू तरी का नाय बोललीस?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "लवकर सोडा" म्हटलेलं त्यांनी ऐकलं होतं. त्या दिवशी ओटीवरून माझा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली होती, ते मला अजून दिसतं.

"तिला कसली शुद्ध होती?" त्या मामांना म्हणाल्या. "तिला काय इचारता?"

मला पूर्ण शुद्ध होती. हे मी तिथेच सांगायला हवं होतं. सरू मांडीवर झोपली होती, तिला थोपटायचं निमित्त करून मी दुसऱ्यांदा गप्प बसले.

मामांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला. पुढच्या पावसाळ्याआधी त्यांचा उजवा डोळाही गेला. आता ते दिवसभर ओटीवर बसतात, आणि सरू उभं राहायला शिकते आहे ती त्यांच्या हातातली तीच दोरी धरून.