सांडणीचा विक्री-कागद

सुदानमध्ये लढाई सुरू होऊन तीन महिने झाले, तेव्हा कुठे बुश्रामामा ओमदुरमानचं घर सोडायला तयार झाले. कपडे दोनच घेतले, पण महसुलाच्या जुन्या तिकिटांची फाईल सोडेनात. इंग्रजी अमदानीतली, उंटस्वाराच्या चित्राची ती तिकिटं, मूळ दस्तांवर चिकटलेली. कोर्टातल्या नोकरीपासून चाळीस वर्षं जमवलेली. मी ती टोपलीत, किसराच्या पातळ भाकऱ्यांखाली दडवली.

शेंदी गावाच्या वाटेवर बंदूकवाल्यांनी बस अडवली. एकाने टोपली उपसली.

"सरकारी कागद! म्हाताऱ्या, हेर आहेस काय?"

"जुनी तिकिटं आहेत, बाळा. छंद आहे माझा."

"माणसं मरतायत आणि तुला छंद सुचतोय?" तो हसला. मग एका कागदावरचा उंट त्याने निरखून पाहिला आणि नखाने तिकीट खरवडायला लागला.

"नखाने नको! फाटेल!" मामांनी त्याचं मनगटच धरलं.

 बंदुकीची नळी मामांच्या बरगडीला टेकली. मी त्यांच्या जलाबियाचा, त्या लांब झग्याचा, घोळ मागून ओढत होते, "मामा, सोडा ना! सोडा!"

"मरायचंय?" तो म्हणाला.

"नाही रे. हवं तर ने, पण कागदासकट ने. सुटं तिकीट म्हणजे नुसतं चित्र."

"काय लिहिलंय यात?"

तेव्हा कळलं, त्याला वाचता येत नव्हतं. मामांनी मनगट सोडलं आणि कोर्टात वाचत तसं खणखणीत वाचलं: "पांढरी सांडणी, वय सहा, मानेच्या डाव्या बाजूला दोन रेघांचा डाग, पायाने निर्दोष. विकणारी, हमीदची विधवा आशा. अंगठा."

"विधवेने विकली?"

"हो."

"माझ्या आईनेही विकली. अशीच पांढरी."  त्याने कागदाची घडी घालून खिशात टाकली आणि टोपली माझ्या अंगावर ढकलली. "निघा!"

शेंदीला उतरलो. चहाच्या टपरीवर माझं तोंड सुटलं. "एका कागदापायी मेला असतात! मी आईला काय सांगितलं असतं?"

"चुकलंच माझं, इख्लास," मामा म्हणाले. मग पुटपुटले, "घडी मात्र त्याने नेमकी तिकिटावरूनच घातली गं."

मला रडावं की हसावं कळेना. चहाचा ग्लास मामांनीच माझ्या ओठांशी धरला.