पाहुण्यांची चटई

तेरेतिया आमच्या बेटाची नर्स होती, तोवर तिला कुणी हार घातला नाही. परदेशात सुवाला जाऊन सार्वजनिक आरोग्याची मोठी पदवी घेतली, राजधानीत, तारावाच्या मंत्रालयात अधिकारी झाली आणि मग एकदा गावात आली. तेव्हा मात्र मानेआबात, म्हणजे गावाच्या सभेच्या छपराखाली, आम्ही तिला पाहुण्यांच्या चटईवर बसवलं. गळ्यात फुलं, मानेला पावडर, पुढ्यात नारळाच्या दुधातला बाबाईचा कंद. सुवाच्या एका बड्या संस्थेनं तिला बोलावणं धाडलंय, हेही गावभर झालं होतं. पुढच्या महिन्यात ती तिकडे रुजू व्हायची होती.

जाण्याआधी तिला एकच करायचं होतं. आम्ही डुकरं बांधतो तिथली विहीर बंद करायची. जुलाबानं तान्ही पोरं जात होती, तिच्या सख्ख्या बहिणीचंही गेलं. तिनं चित्रं दाखवून छान समजावलं. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि तिला नाचायला उठवलं. पाहुण्याशी वाद घालायची आमच्यात रीत नाही. त्याचं ऐकायचीही नाही. इथंच वाढलेल्या पोरीला हे कळायला हवं होतं, पण शिकलेल्या माणसाला चटई मऊ लागते.

मानेआबात प्रत्येक घराण्याची जागा ठरलेली. दुसऱ्या दिवशी ती आली ती थेट बापाच्या घराण्याच्या जागेवर, घरातले थोरले काबुरोरोकाका, त्यांच्या पाठीमागे जाऊन बसली.

"काय ग अधिकारीणबाई, वाट चुकलीस?" समोरून कुणीतरी टोमणा मारला.

"चुकले होते काल," ती म्हणाली.

त्या जागेवरून बोलायचा मान थोरल्याचा. ती काकांच्या कानाला लागली. काका खाकरले. "आमचं घराणं म्हणतंय, ती विहीर बुजवा. डुकरांचं मूत पितोय आपण!"

मग हशा, मग भांडण. एकानं काकांच्या डुकरांचा उद्धार केला, दुसऱ्यानं त्याच्या आजोबांचा. आमच्यात भांडण पेटलं की समजावं, गोष्ट मनाला लागली. जेवणाची वेळ व्हायच्या आतच विहीर बुजवायचं ठरलं. तेरेतियाचे डोळे भरून आले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात पलीकडच्या घराण्याचा म्हातारा बोलला, "काबुरोरो, विहीर बुजवतो. पण तुझी पुतणी शिकायला गेली तेव्हापासून दवाखान्याला कुलूप आहे. पोर तापलं तर कुणाचं दार ठोठावायचं?"

पाहुणी असती तर म्हणाली असती, मंत्रालयाला कळवते. आता ती घरची होती.

काका मागं वळले. "काय सांगू ग पोरी?"

या खेपेला ती त्यांच्या कानाला लागली नाही. काका सभेकडे तोंड करून म्हणाले, "राहील म्हणते."

घराण्याच्या जागेवर बसून थोरल्याचा शब्द कुणी खोडत नाही. तेरेतियानंही खोडला नाही.