फैझानची ई ड्राइव्ह

मी कीबोर्डला हात लावणार, तेवढ्यात कुलसुमचाची म्हणाली, "थांब गो, फैझानला विचारते."

अरे, बाहेर डिझेलच्या पावत्यांसाठी तांडेल खोळंबलेले, त्यांच्या बोटी धक्क्याला उभ्या, आणि हिला कुवेतला फोन लावायचाय!

आपल्या मच्छीमार सोसायटीचं ऑफिस चाचीच बघते ना, तिथला पावत्यांचा प्रोग्रॅम तिच्या मुलानेच, फैझानने, कुवेतला जायच्या आधी बसवलेला. सी ड्राइव्ह भरलेली, म्हणून त्याने तात्पुरत्या फाइली पेनड्राइव्हवर वळवल्या. ती ई ड्राइव्ह. पण लाइट जाऊन आली की कधी कधी प्रिंटरचा कार्ड रीडर आधी जागा होतो आणि ई अक्षर तो पळवतो. पेनड्राइव्ह होते एफ, प्रोग्रॅम आपला ई शोधत बसतो, पावती काही निघत नाही. मग चाची फोन लावते, आणि फैझान तिकडून एकेक क्लिक सांगत अक्षर बदलून घेतो.

चेअरमन आनंदाकाका वैतागलेले, त्यांनीच मला दुरुस्तीला बोलावलेलं. "माझ्या बोटीचं इंजिन पण एवढं बंद पडत नाय. भाविका, कायमचं कर कायतरी."

मी नवीन डिस्क घेऊनच गेलेले. पण फोनची नुसती रिंग जात होती, आणि तेवढ्यात बघते तर चाचीने अक्षर बदलायची खिडकी स्वतःच उघडलेली! म्हणजे हिला सगळं येतं. मी विचारलं, तर हळूच म्हणाली, "एरवी कामात आहे म्हणतो नि ठेवतो. हे बिघडलं की बसतो माझ्याजवळ."

फैझानने फोन उचललाच नाही. चाचीने दारातल्या तांडेलांकडे बघितलं. "कर तू. माणसं थांबलीत."

केलं. नवीन डिस्क बसवली, ती झाली डी, तिचं अक्षर कोणी पळवत नाही. तात्पुरत्या फाइलींचा पत्ता तिकडे दिला, पेनड्राइव्ह काढून चाचीच्या हातात ठेवली. पावत्या सटासट निघायला लागल्या.

आणि फोन वाजला. स्पीकरवर फैझान. "अम्मी, परत ई गेली काय?"

चाचीने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "हां रे, दिसतच नाय."

बाजूला प्रिंटर खडखडत होता. त्याला तिकडे ऐकू जात असणारच ना? तरी तो निवांत सांगत होता, "आता राइट क्लिक कर."

माउसला हात न लावता, पेनड्राइव्ह मुठीत धरून चाची म्हणाली, "केलं. पुढे?"