एकाच स्पंजावर जगणारी

संक्रांतीच्या सुमाराला जयपूरच्या गच्च्यांवर सगळ्या माना आकाशाकडे वळलेल्या असत; पतंगांची फडफड, मांज्यावरून भांडणं, पलीकडून "वो काटा!"चा जल्लोष, आणि त्या गलक्यात, उतरत्या केशरी उन्हात, एकटी माझी आई खाली पाहत उभी असायची. साडी पोटरीपर्यंत खोचलेली, हात मागे बांधलेले. ओहोटीच्या खडकांवर चालणाऱ्यानं वर पाहिलं की पाय घसरलाच. रत्नागिरीचा समुद्र सुटून चार वर्षं झाली तरी तिच्या नजरेची ही सवय सुटत नव्हती. पंचांगात लोक एकादशी-चतुर्थी बघतात, आई अमावास्या आणि पौर्णिमा बघायची, कारण त्या दिवसांत पाणी सर्वांत दूर जातं. "आता उघडे पडले असतील खडक," ती म्हणायची, आणि बदलीच्या नोकरीत मुरलेले माझे बाबा वर्तमानपत्रामागून "हो का?" म्हणायचे.

बिनशंखाच्या समुद्री गोगलगायी काय खातात, हा आईच्या प्रबंधाचा विषय. शेजारच्या आंटींनी एकदा विचारलं होतं, "भाभीजी, इसमें पढ़ने का क्या है?" आई नुसती हसली. पण कणीक मळता मळता ती मला सांगायची, की बोटाच्या पेराएवढा हा रंगीत, मऊ जीव खाण्याच्या बाबतीत कमालीचा हट्टी असतो. एक जात समुद्रफुलं नावाचे डंख मारणारे जीव खाते आणि त्यांच्या डंखपेशी न पचवता स्वतःच्या पाठीवर शस्त्रासारख्या बाळगते. दुसरी स्पंज कुरतडते, पण एकाच जातीचा, खडकाला जन्मभर चिकटलेला. टबात तिच्यापुढे दुसरे दहा स्पंज ठेवले तरी ती तोंड लावत नाही, आक्रसत जाते आणि मरते.

"मग त्या स्पंजाला काय वाटत असेल?" मी विचारलं होतं.

"त्याला कुठं जाता येतं गं," आई म्हणाली आणि तिनं पोळी उलटली.

मी दहा वर्षांची असताना, पंच्याऐंशीच्या आसपास, तिच्या सरांचं पत्र आलं. प्रबंधाची मुदत त्या वर्षी संपत होती. माघ-फाल्गुनातल्या चार मोठ्या ओहोट्या मिळाल्या की निरीक्षणं पुरी होणार होती, नाहीतर आधीची सगळी मेहनत पाण्यात. बाबा चक्क हो म्हणाले, तिकीट आलं, आणि त्या आठवड्यात आई घरभर गुणगुणत फिरायची. तिचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, म्हणून मला त्याची भीती वाटली. निघण्याआधी तालीम हवी म्हणून तिनं चार दिवस स्वयंपाकघर बाबांवर सोपवलं.

मी जेवण सोडलं. बाबांची खिचडी ढकलली, आंटींच्या पुऱ्या ढकलल्या. "मी पण त्या गोगलगायीसारखी आहे," मी आईला सांगितलं, "मतलब, दुसऱ्या कोणाच्या हातचं मला उतरतच नाही." तिनंच दिलेलं ज्ञान तिच्यावर उलटवताना मला आपल्या हुशारीचा केवढा अभिमान वाटला होता! तिसऱ्या दिवशी मी शाळेत चक्कर येऊन पडले. संध्याकाळी आईनं वरण-भात कालवला, मला भरवला, आणि दुसऱ्या दिवशी बाबा स्टेशनवर जाऊन तिकीट परत करून आले.

त्यानंतरचे उन्हाळे मला बंद खिडक्यांचे आठवतात. बाहेर लू, आत कूलरची घरघर, आणि दोहोंच्या मधल्या अंधूक उजेडात खाली मान घालून भाजी निवडणारी ती. कपाटातल्या फॉर्मॅलिनच्या बाटल्यांत गोगलगायींचे रंग हळूहळू उडत गेले. मला कुणी, कधीच, एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं; मला निदान खोटं तरी बोलावं लागलं असतं.

कारण माझ्या दप्तरात गजक होती. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली, कागदात बांधलेली तिळाची गजक. मधल्या सुट्टीत मी ती तिन्ही दिवस खाल्ली. चक्कर आली नव्हती, मी आणली होती.

आईला जाऊन आता सहा वर्षं झाली. मी मेसचं खाते, विमानातलं खाते, अनोळखी घरी वाढलेलं पोटभर खाते. वर्षं तिच्या चेहऱ्याच्या कडा पुसत नेतात, पण वरण-भाताचा तो पहिला घास माझ्या तोंडाशी धरलेला तिचा हात जागचा हलत नाही, आणि मी अजून त्याच्यासमोर उपाशी असल्यासारखं तोंड उघडते.