गच्चीवरची दुर्बीण हबलवर जळते

"जमिनीवर राहायचंय तुला, हवेशी वैर धरू नकोस," कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये माझा आरसा घासताना बिराप्पा म्हणाले होते. मी मनावर घेतलं नाही. नवी कोरी दुर्बीण मी, मला कोण शिकवणार!

मित्रांनो, आता मी जुनी झाले आहे. माझी उमेदीची वर्षं साताऱ्यात अंजनाताईंच्या गच्चीवर गेली. संध्याकाळी चंद्र दाखवायचा आणि गल्लीतल्या मुलांचं "आईशप्पथ!" ऐकायचं, यातच माझं सुख होतं. मग १९९४ साली अंजनाताईंनी आपल्या लेकीला, समीक्षाला, वर्तमानपत्रातला एक फोटो दाखवला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. अवकाशातल्या हबल दुर्बिणीनं टिपलेला फोटो. काय ती स्वच्छ नजर!

"ताऱ्यांच्या जवळ गेलीया, म्हणून दिसतंय तिला," समीक्षाचे आजोबा, आकारामआबा, म्हणाले.

"जवळ नाही हो आबा," अंजनाताई म्हणाल्या. "तारे इतके लांब, तेवढ्यानं काय होतंय! ती हवेच्या वर आहे. गुऱ्हाळात चुलवाणाच्या धगीपलीकडचा माणूस हलताना दिसतो ना? तसा ताऱ्याचा प्रकाश आपल्या डोक्यावरच्या हवेतून थरथरत येतो. काही प्रकाश तर हवा खाली येऊच देत नाही."

"मग ह्या बाईला गच्चीवर कशाला बसवलीया? दे पाठवून शाळंला!"

त्यात माझी अब्रू जायची वेळ आली. समीक्षाचं बघून झालं, की आबांना चंद्र हमखास पुसट दिसायचा. "हवा हाय, दुसरं काय!" असं म्हणून ते खाली जायचे. मी आतून जळायचे. हबलचा तर आरसाच चुकीचा घासलेला निघाला होता, पण माणसं अवकाशात जाऊन तिला जणू चष्मा लावून आली. माझी मात्र साधी चौकशी नाही. मला शाळेत धाडायचं ठरलं.

आदल्या संध्याकाळी समीक्षा मला बिलगून रडायला लागली. "आई, मला हिच्यातूनच तर नीट दिसतं."

अंजनाताई चपापल्या. त्यांनी माझी फोकसची चकती फिरवून आबांच्या डोळ्याला चंद्र स्पष्ट करून दिला. "आता तू बघ."

"पुसट आहे." समीक्षानं सवयीनं माझी चकती फिरवली. "आता छान!"

आबांनी पुन्हा डोळा लावला. "आता मला पुसट."

"समीक्षा, समोरच्या दुकानाची पाटी वाच बघू," अंजनाताई म्हणाल्या.

"कुठली पाटी?"

आबांनी समीक्षाला जवळ ओढलं. "आगं, हवा न्हाई ही. पोरीचं डोळं हायत!"

मी गच्चीवरच राहिले. समीक्षाच्या नाकावर चष्मा आला. तो दिवसभर तिच्यासोबत असतो, म्हणून त्याच्यावरही मी जळते.

मित्रांनो, आमच्या आरशाला बोट लावू नका, आम्हाला झाकून ठेवा, हे तर सांगायचंच आहे. पण त्याआधी एक करा. तुमच्या बाकावरचं कुणी फळ्याकडे न बघता तुमच्या वहीतूनच उतरवून घेतं का? त्याला कॉपीबहाद्दर म्हणू नका. उद्या हळूच विचारा, "तुला फळ्यावरचं दिसतं का?"